अकरा दिवस न घेतलेली गोळी

९ मार्च

ठोंब्या,

आशीर्वाद वगैरे आज जमणार नाहीत. मी चिडलेली आहे आणि चिडूनच लिहिते आहे.

काल संध्याकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. हॉस्पिटलच्या समितीने तुझं नाव यादीत घ्यायला नकार दिला, हे तिने बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. ‘तीन महिने औषधं नीट घेतायत का ते बघू, मग दुसऱ्या लिव्हरचा विचार करू,’ असं म्हणाले म्हणे. तीन महिने. पोटातून काढलेल्या नळीला लावलेली पिशवी रोज पित्ताने भरते, डोळे पिवळेधमक झालेत, आणि यांना तीन महिने बघायचंय.

पण मी त्यांच्यावर चिडलेली नाही. त्यांनी बरोबर केलं. एकदा मिळालेलं लिव्हर ज्याला रोजच्या एका गोळीएवढंही सांभाळता आलं नाही, त्याला दुसरं कशाला द्यायचं? रांगेत आणखी माणसं आहेत. त्यांनाही बहिणी असतील.

ते लिव्हर माझं होतं. अकरा नोव्हेंबरला सकाळी सात वाजता मला आत नेलं, तेव्हा तू शेजारच्या खाटेवरून म्हणालास, ‘ताई, चांगला तुकडा दे, कडेचा नको.’ भूल देणारी बाईसुद्धा हसली. साठ टक्के दिलं मी. बरगडीखालून आडवा गेलेला व्रण अजून थंडीत ओढतो. माझं उरलेलं लिव्हर वाढून जवळपास पहिल्याएवढं झालं. तुझ्यात गेलेलंही तसंच वाढत होतं. दारूचा थेंबही न घेता तुझं पहिलं लिव्हर तुझ्याच शरीराने खाल्लं, हे दैव म्हणून सोडून दिलं होतं मी. पण दुसऱ्याच्या वेळी दैव नव्हतं. रक्त पातळ ठेवायची एक छोटी पांढरी गोळी होती, आणि ती अकरा दिवस तुझ्या पोटात गेली नाही. लिव्हरला रक्त नेणाऱ्या धमनीत गाठ झाली. तार घालून ती अर्धीमुर्धी उघडली, पण तोवर आतल्या पित्तनळ्या मेल्या होत्या.

डॉक्टरांनी वॉर्डात विचारलं, ‘गोळी कधीपासून बंद आहे?’ तू म्हणालास, ‘अकरा दिवस.’ ‘का?’ तर म्हणे, ‘विसरलो.’ मग मी जे बोलले ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. शब्द परत घेणार नाही. तू भिंतीकडे तोंड केलंस, ते अजून तसंच आहे. दोन महिने झाले. हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिलास, मला पत्ताही तुझ्या बायकोकडून कळला. फोन केला की कट करतोस. पत्र कट करता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझे हात थरथरतात म्हणून तीच वाचून दाखवत असेल. बरं आहे. तिलाही ऐकू दे.

आणि एक. समितीने परत काही विचारलं तर जे सांगितलंस तेच सांग. उगाच नवीन काही काढू नकोस. बदलती उत्तरं दिली की माणूस आणखी बेभरवशाचा वाटतो.

ताई


१७ मार्च

ठोंब्या,

उत्तर नाहीच. ठीक आहे.

बुधवारी मी तुझ्या शहरात येऊन गेले. पाच तास बसने येऊन, तुझ्या खोलीसमोरच्या फुटपाथवर उभी राहून परत गेले. खिडकीत निळा टॉवेल वाळत होता. वर आले नाही. तू दार उघडलं नसतंस आणि मला त्या जिन्यात अपमान करून घ्यायचा नव्हता.

आले होते त्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंशी भांडायला. तुला माहीत नाही, पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल ऑपरेशनच्या आधीपासून अढी होती. तुझं रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा आकडा एकच्या आसपास हवा. तुझा होता अडीच. असा आकडा असलेला कागद आमच्या रक्तपेढीत आला की आम्ही प्लाझ्माच्या पिशव्या वितळवायला घेतो, पुढचं काही विचारतही नाही. तुझ्यासाठी बारा पिशव्यांची सोय मी लोकांच्या हातापाया पडून केली होती. आणि ही बाई म्हणाली, ‘बहुतेक लागणार नाहीत.’ नंतर कळलं की दोनच वापरल्या. मग तर डोक्यात पक्कं बसलं, की ही बाई माणसाच्या रक्ताशी खेळते.

गेले, खुर्चीत बसायच्या आधीच सुरू केलं. म्हटलं, ‘माझ्या भावाचं रक्त गोठत नाही असं दोन वर्षं सगळे रिपोर्ट सांगत होते. मग गाठ झालीच कशी? कुठेतरी तुमचं चुकलंय.’

त्यांनी माझं सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही रक्तपेढीत किती वर्षं आहात?’

‘एकोणीस.’

‘मग तुम्हाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. लिव्हर रक्त गोठवणारी द्रव्यं बनवतं. पण गोठणं थोपवणारी द्रव्यंही तेच बनवतं. लिव्हर गेलं की दोन्ही कमी होतात. तुमचा तो आकडा एकाच बाजूचं मोजतो. दुसरी बाजू त्या कागदावर येतच नाही.’

‘म्हणजे त्याला रक्तस्रावाचा धोका नव्हता?’

‘होता. आणि गाठीचाही होता. अरुंद बांधावरून चालतोय तो माणूस. तुम्ही सगळे एकाच बाजूला जाळी धरून उभे आहात.’

मग त्यांनी फाईलमधून ऑपरेशनच्या वेळचा एक कागद काढला. तुझ्या रक्ताचे थोडे थेंब यंत्रात ठेवले की गाठ कशी धरते, किती घट्ट होते, हे ते यंत्र रेघ काढून दाखवतं. तुझी रेघ छान फुगत गेली होती. अडीच आकडा असलेल्या माणसाची. म्हणून त्यांनी प्लाझ्मा ओतला नव्हता. उगाच ओतला असता तर शिरांतला दाब वाढून उलट जास्त रक्त गेलं असतं. नवीन लिव्हर बसल्यावर तर काही आठवडे रक्ताचा कल गोठण्याकडेच असतो, आणि ती जोडलेली धमनी म्हणजे जेमतेम पेनच्या रिफिलएवढी. म्हणून गोळी, असं म्हणाल्या.

मला एकोणीस वर्षांच्या नोकरीत इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. राग आला तो आलाच. कुणावर, ते विचारू नकोस.

मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘एक विचारू? ते खरंच विसरले का? त्यांची गोळ्यांची डबी आम्ही तपासली होती. बाकीची सात औषधं एकही दिवस चुकलेली नाहीत. ही एकटीच कप्प्यांत तशीच पडलेली होती. अकराच्या अकरा.’

मी म्हटलं, ‘मला काय माहीत.’

बघ, असा आहेस तू. बाकी सगळ्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घेतल्यास, ही तेवढी वेगळी ठेवलीस, आणि वर म्हणे विसरलो. धड खोटंही बोलता येत नाही तुला. लिफ्ट दुरुस्त करायला जायचास तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचास, ‘आवाज येतोय म्हणजे आत काहीतरी घासतंय, ऑईल टाकून दाबू नका.’ डॉक्टरबाईंना आवाज ऐकू आलाय. त्या समितीत असतात.

ताई


२ एप्रिल

ठोंब्या,

तुझं पाकीट मिळालं. तीन महिन्यांनी तीन ओळी, त्याही मुंग्यांनी शाईत पाय बुडवून काढल्यासारख्या.

‘ताई, ते राहू दे. मी विसरलो, असंच आहे. तुझी नोकरी जाईल आणि त्याने मला काय मिळणार? नीट जेवत जा.’

मी ते बेसिनपाशी उभी राहून वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू कोण मला वाचवणारा? कुणी मागितलं होतं? पोटात नळी, अंगाची खाज थांबत नाही, दोन जिने चढता येत नाहीत, आणि हा मला जेवत जा सांगतोय. माझ्या मांडीवर बसून मुळाक्षरं शिकलास तू. माझ्यावर उपकार करण्याएवढा मोठा झालेला नाहीस.

आता तू, जी हे वाचून दाखवते आहेस. इथून पुढचं मोठ्याने वाच. मध्ये थांबलीस तरी पुन्हा वाच, पण गाळू नकोस.

चार जानेवारी. दुपार होती, मी पिशव्यांवर लेबलं चिकटवत होते. याचा फोन आला. ‘ताई, नाकातून रक्त येतंय. अर्धा तास झाला, थांबत नाही.’

मी पिशवी खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी याने माझ्या घरी, माझ्याच बेसिनमध्ये रक्ताची उलटी केली होती, ती माझ्या डोळ्यांसमोर आली. मी रोज रक्त हाताळते, पण पिशवीत, शिक्का मारलेलं. त्या दिवशी ते पांढऱ्या बेसिनमधून नळाच्या पाण्याबरोबर जाताना बघितलं होतं आणि मनात मोजत होते, एक पिशवी, दीड, दोन. तेव्हापासून याच्या बाबतीत मला एकच भीती होती. दुसरी भीती असू शकते, हेच डोक्यात नव्हतं.

मी म्हटलं, ‘ती पांढरी गोळी बंद कर. आजपासून.’

‘डॉक्टरांना विचारू का?’

‘एकोणीस वर्षं मी रक्तपेढीत झक मारते आहे का? त्यांना विचारशील, ते उद्या फोन करतील, तोवर तू रिकामा होशील. बंद कर. दोन-चार दिवसांनी मी सांगते, तेव्हा सुरू कर.’

हा हसला. म्हणाला, ‘बरं बाई. लिव्हर तुझं, हुकूम तुझा.’

रक्त त्याच दिवशी संध्याकाळी थांबलं. आणि मी ‘सुरू कर’ हे सांगितलंच नाही. आमच्याकडे तपासणी होती. फ्रिजच्या तापमानाच्या नोंदी, मुदत संपलेल्या पिशव्या, सह्या राहिलेले कागद. आठवडाभर मान वर करता आली नाही. रोज वाटायचं, त्याला फोन करायचाय. कशासाठी करायचाय तेच निसटायचं. याने मला आठवणही करून दिली नाही, कारण ताईने सांगते म्हटलंय म्हणजे ताई सांगेल. पंधरा तारखेला ताप भरला.

विसरले ती मी. तो नाही.

आणि वॉर्डात, डॉक्टरांनी ‘का?’ असं विचारलं तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. याने आधी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते माझं मला माहीत आहे. मग म्हणाला, ‘विसरलो.’ मला हायसं वाटलं. क्षणभर का होईना, पण वाटलं. त्याची लाज इतकी होती की मी किंचाळायला लागले. ‘माझ्या पोटातलं काढून दिलंय तुला, आणि तू विसरलास?’ जितकी मोठ्याने ओरडले तितकं ते खोटं पक्कं होत गेलं. नर्सने मला पाणी दिलं. सगळ्यांना माझी दया आली. याला कुणी पाणी विचारलं नाही.

पहिल्या पत्रात ‘तेच सांग’ असं लिहिलं, ते तू बदलती उत्तरं देऊ नयेस म्हणून नव्हतं. माझ्यासाठी होतं.

हे सगळं मी समितीला लेखी देते आहे. सोबत त्याची प्रत आहे. सोमवारी स्वतः जाऊन देणार. तुझी परवानगी मागत नाहीये, ठोंब्या. तू नाही म्हणालास तरी देणार. तू समितीसमोर ‘ताई खोटं बोलते’ म्हणालास तर तुझ्या फोनमधली चार जानेवारीची दुपार त्यांना दाखवायला सांगेन.

ताई


१० एप्रिल

ठोंब्या,

झालं एकदाचं. तुला आणखी कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

लांबट टेबल, पलीकडे पाचजण, माझ्यासाठी अलीकडे एक खुर्ची. मध्ये पाण्याचा जग, त्याला कुणी हात लावला नाही. अध्यक्ष म्हणजे ते पांढऱ्या भुवयांचे सर्जन, ज्यांनी माझं पोट उघडलं होतं. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, ‘भावाला यादीत घ्यावं म्हणून तुम्ही दोष अंगावर घेताय, असं आम्ही का समजू नये?’

माझं डोकं सणकलं. म्हटलं, ‘दोष अंगावर घेण्याचा धंदा त्याचा आहे, माझा नाही. मी इतकी चांगली असते तर जानेवारीतच सांगितलं असतं. तीन महिने तोंड शिवून बसले, यावरूनच समजा की हे खरं आहे.’

डॉक्टरबाईंनी डबीची नोंद असलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. बाकीची सात औषधं, एकही खाडा नाही. अध्यक्षांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘हा पेशंट औषध चुकवणारा नाही. हा सांगितलेलं ऐकणारा आहे.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चुकीच्या माणसाचं ऐकलं.’ मी मान खाली घातली नाही. घालायला हवी होती बहुतेक.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी डॉक्टरबाईंना गाठलं. विचारलं, ‘गोळी चालू असती तर गाठ झाली नसती ना?’

‘धोका कमी झाला असता.’

‘कमी म्हणजे? झाली असती की नसती?’

‘सांगता येत नाही. गोळी घेऊनही काहींना होते. पण बंद करायला नको होती, एवढं नक्की.’

मला हो किंवा नाही हवं होतं. हो असतं तर मी जन्मभर स्वतःला शिव्या दिल्या असत्या, नाही असतं तर सुटले असते. त्यांनी दोन्ही दिलं नाही. इतका राग आला मला त्यांचा, आणि त्या मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

नोकरीचं विचारशील, तर मीच आमच्या साहेबांना सांगितलं. चौकशी बसली आहे. तोवर मला पिशव्यांना हात लावायचा नाही. सामानाच्या खोलीत बसून सुया आणि हातमोजे मोजते. लोक चहाला बोलावतात, मग गप्प बसतात. हे मी केलेलं आहे, तेव्हा याबद्दल तुझ्याकडून एक शब्दही सहानुभूतीचा आला तर पत्र तसंच परत पाठवीन.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. दोन तारखेचं पत्र तिने शेवटपर्यंत वाचून दाखवलं म्हणाली. मग म्हणाली, ‘ताई, मी यांच्याशी महिनाभर धड बोलले नाही. औषध द्यायचे, जेवण ठेवायचे आणि उठून जायचे. यांनी एकदाही सांगितलं नाही. ते दिवस मी आता कुठून आणू?’ आणि ‘तुम्हाला माफ करायला मला वेळ लागेल,’ असं म्हणून तिने फोन ठेवला. मला ते आवडलं. तुझ्यासारखी तिने लगेच माफी पदरात टाकली नाही.

ताई


२७ एप्रिल

ठोंब्या,

तुझं नाव यादीत गेल्याचं मला सकाळी डॉक्टरबाईंनी कळवलं. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही, आठवड्यात किंवा चार महिन्यांत. या वेळी अनोळखी माणसाचं लिव्हर असेल. त्याच्या घरच्यांना ज्या दिवशी आभाळ कोसळल्यासारखं होईल त्या दिवशी आपल्याला फोन येईल, हा विचार मनातून जात नाही.

आणि दुपारी तुझा फोन आला.

तू हॅलोसुद्धा म्हणाला नाहीस. सामानाच्या खोलीत मी स्टुलावर बसले होते, हातात हातमोज्यांचं खोकं, आणि तू सुरू झालास. ‘तुला कुणी सांगितलं होतं समितीपुढे जायला. तू मला न विचारता माझ्या बायकोकडून ते वाचून घेतलंस. वॉर्डात मला सगळ्यांसमोर फाडून खाल्लंस, ते मी गिळलं, आणि मग पत्रातही तेच, माझ्याच खोलीत माझ्याच बायकोच्या तोंडून तेच, आणि मी गप्प ऐकायचं. जानेवारीपासून एकदा तरी विचारलंस का, की ठोंब्या तुला भीती वाटते का? गोळी, समिती, नोकरी, सगळं तुझं तुझं. पोट माझं फाटलेलं आहे.’

मध्ये दोनदा तुला धाप लागली. ग्लास ठेवल्याचा आवाज आला, पाणी प्यायलास, परत सुरू. लहानपणी मी पुढ्यातली ताटली ओढून घेतली की तू असा लाल व्हायचास, पण कधी बोलायचा नाहीस. छत्तीस वर्षांचा साठा होता तो. काही गोष्टी तर मला आठवतही नाहीत. तुला सगळ्या आठवतात. विसरणारा तू नाहीसच.

आमच्या साहेबांनी दारातून डोकावून बघितलं. मी त्यांना हाताने जा म्हटलं.

मग एकदम तुझा आवाज खाली गेला. म्हणालास, ‘तू मला अर्धं लिव्हर दिलंस. मला तुझ्यासाठी एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. तीही तू करू दिली नाहीस.’

मला बोलायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तुझं वाक्य मध्ये तोडलं नाही, म्हणून तू विचारलंस, ‘ऐकतेयस का?’

‘ऐकतेय.’

‘मग उद्या याच वेळी करतो. अजून संपलेलं नाही.’

हे पत्र पोचेल तोवर उद्याचा फोन होऊन गेलेला असेल, परवाचाही. तरी लिहून ठेवते, कारण फोनवर मी बोलणार नाही. ओरड. हवं तितकं ओरड. तुझा दम संपेल तिथे थांब, पाणी पी, मी तोवर फोन कानालाच धरून बसलेली असेन.

तुझी,
ताई